एक जागा सोडून अ

"वाचायचं काय त्यात? सही कर नि कामाला लाग," असं म्हणत राणेसाहेबांनी तो कागद कमलच्या की-बोर्डवर ठेवला, तोही अशा बेताने की तो उचलल्याशिवाय तिला एक अक्षर टाइप करता येऊ नये.

कमलने तो उचलला आणि सावकाश वाचायला घेतला. मी तिच्या शेजारच्या स्क्रीनपुढे बसले होते, त्यामुळे मलाही तो दिसत होता. मजकूर असा: मी, कमल शिवदास तायडे, तात्पुरती डेटा एन्ट्री ऑपरेटर, लिहून देते की माझ्या निष्काळजीपणामुळे खदानवाडीच्या यादीत एकशे एकतीस नोंदी दुबार झाल्या आणि तेवढेच फॉर्म टाइप करायचे राहून गेले. खाली तिच्या सहीसाठी रेघ मारली होती. त्या रेघेखाली साक्षीदार म्हणून सुगंधा परब अशी सही आधीच झालेली होती.

ती माझी. सकाळी आल्याआल्या साहेबांनी "हय सही कर गो" म्हटलं आणि मी केली. आमच्या ब्यूरोत हजेरीपासून रिबनच्या डबीपर्यंत दिवसाला सात सह्या कराव्या लागत, त्यात ही आठवी, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. 'निष्काळजीपणा' हा शब्द मला दिसला होता. तो माझ्या नावापुढे नाही एवढं पाहून घेतलं आणि हात चालवला.

कमलने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. "हे मी केलेलं नाही, साहेब," ती म्हणाली.

"मग कोणी केला? मशीनीन?"

"ते बघायला लागेल."

राणेसाहेब हसले. माणूस वाईट नव्हता. मालवणकडचा, नाव लवू राणे, गिरणीत पंधरा वर्षं टाइमकीपर होता आणि गिरणी बंद पडल्यावर कुणाच्या तरी ओळखीने आमचा सुपरवायझर झाला होता. कॉम्प्युटरला तो घाबरायचा आणि ते लपवण्यासाठी आम्हा बायकांवर ओरडायचा. शुक्रवारी इंजिनिअर येईल, तोपर्यंत सही आली नाही तर पुढच्या महिन्याच्या यादीत तुझं नाव नसेल, असं त्याने तिला बजावलं आणि तो चहा प्यायला निघून गेला.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आमचा ब्यूरो, म्हणजे कंत्राटावर कॉम्प्युटरची कामं करून देणारी कंपनी, साकीनाक्याला एका गाळ्याच्या माळ्यावर होता. खाली पत्रा कापायचं वर्कशॉप, वर आम्ही. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण आत एअरकंडिशनर होता. तो मशीनसाठी होता, आमच्यासाठी नव्हे, हे राणेसाहेब दर आठवड्याला एकदा तरी सांगत. एक मशीन आणि त्याला जोडलेले आठ स्क्रीन. प्रत्येक स्क्रीनपुढे एक बाई आणि तिच्या मांडीवर शाल.

काम झोपड्यांच्या मोजणीचं आलं होतं. घाटकोपरच्या टेकडीवर जुन्या दगडखाणीभोवती खदानवाडी वसलेली. तिथे मोजणीवाले घरोघर फिरून फॉर्म भरून गेले होते, आणि ते फॉर्म आम्ही मशीनमध्ये घालत होतो. यादी छापून निघाली की मोजणीवाले ती घेऊन टेकडीवर जाणार, यादीतल्या घराचा फोटो काढणार आणि त्या घराला पास मिळणार. यादीत नाव नसेल ते घर नंतर घुसलेलं समजायचं. ते कधीही तोडता येतं. यादीत आहे तो आहे, नाही तो नाही, असा सरळ हिशोब होता.

आता हे 'अ' काय प्रकरण होतं ते सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. मोजणीवाल्यांनी प्रत्येक दारावर ऑइलपेंटने नंबर टाकला. पण कितीतरी घरांत एका छपराखाली दोन चुली असतात. मध्ये पत्रा, गोणपाट, नाहीतर साडी. दुसऱ्या चुलीला नवा नंबर कुठून देणार, म्हणून तिला आधीचाच नंबर देऊन पुढे 'अ' लिहायचा. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस अ. हे 'अ' कोण असायचे? सासरहून परत आलेली बहीण, म्हातारी आई, नवीन लग्न झालेला धाकटा दीर, नवरा गेलेली भावजय. ज्यांचं घरात कुणाला फार काही वाटत नाही अशी माणसं. फॉर्मवर 'अ' असायचं, आम्ही ए टाइप करायचो.

हे टाइप करण्यात कमलमध्ये आणि माझ्यात एक फरक होता. कमल घाटकोपरच्या एका टायपिंग क्लासात शिकली होती. तिथले मास्तर बोटांवर पट्टी मारणारे. आकड्यानंतर अक्षर आलं की एक जागा सोडा, हा त्यांचा नियम. कमलचा अंगठा अजून त्या मास्तरांना भिऊन होता. मी जोगेश्वरीला शिकले, आमच्या मास्तरांचं लक्ष खिडकीबाहेर असायचं. त्यामुळे मी बावन्न आणि ए एकमेकांना चिकटवून मोकळी व्हायचे. ती मात्र एक्याण्णव, मग एक जागा, मग ए. मशीन आम्हा दोघींनाही काही म्हणायचं नाही. तुम्ही जो घरनंबर द्याल त्या नावाची एक फाइल तयार करून ते गप्प बसायचं. एक घर, एक फाइल.

पहिल्यांदा यादी छापली तेव्हा चौदाशे बारा नोंदी निघाल्या. फॉर्मही चौदाशे बाराच होते. राणेसाहेबांनी पेढे मागवले. मग मोजणीच्या कचेरीतून निरोप आला की तुमच्या यादीत तीच तीच माणसं पुन्हा येतायत. इंजिनिअर चंद्रप्रकाशने दुबार नोंदी काढून टाकल्या आणि राहिल्या बाराशे एक्याऐंशी. आता कचेरीचं पत्र आलं की एकशे एकतीस घरं कमी आहेत, खुलासा करा. चंद्रप्रकाशने यादी चाळली, सगळा गोंधळ कमलच्या गल्ल्यांत आहे हे पाहिलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला. बाईने एकच फॉर्म दोनदा टाइप केला आणि दुसरा केलाच नाही.

दुपारी डबा खाताना कमलने मला एकच विचारलं. "तू वाचलं होतंस?"

मी नाही म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि भाकरी मोडली. तिने दोन शब्द सुनावले असते तर मला जेवण गेलं असतं. तिच्या त्या "बरं"नंतर मी डबा झाकून ठेवला.

मग ती म्हणाली, "ज्या एकशे एकतीस नाहीत ना, त्यात एक्याण्णव अ आहे. ती माझी आई आहे. आणि मी."

ती खदानवाडीत राहते हे मला ठाऊकच नव्हतं. दोन वर्षं शेजारी बसत होतो. तिसऱ्या गल्लीचा गठ्ठा तिने मागून घेतला होता तेव्हा मला वाटलं होतं, पातळ आहे म्हणून घेतला. लग्न होऊन ती कल्याणला गेली होती, तीन वर्षांत परत आली. भाऊ भीमराज नको म्हणाला नाही, पण भावजय भांडी जोरात आपटायला लागली. तेव्हा आई, सुंदराबाई, अकोल्याकडची, मजुरीच्या कामावरून स्वतः डोक्यावर चार पत्रे घेऊन आली. घराच्या मधोमध उभे केले. पलीकडे तीन विटा मांडल्या आणि लेकीला म्हणाली, हे तुव्हं. तेव्हापासून दारावर भीमराज एक्याण्णव आणि ह्या दोघी एक्याण्णव अ.

"सही केली तर नोकरी राहते ना?" मी विचारलं. विचारू नये ते विचारलं.

"सही केली तर माझा फॉर्म मीच टाइप केला नाही असं होतं," कमल म्हणाली. "आईला काय सांगू? तुझं नाव लिहायला विसरले?"

बुधवारी तिने पहिल्या यादीचा कागद शोधून काढला. आमच्याकडे बाद झालेल्या यादीचे कागद डब्याखाली अंथरायला वापरत, त्यामुळे निम्म्या खदानवाडीवर आमटीचे डाग पडले होते. तिने ते जमिनीवर पसरले, फॉर्मचे गठ्ठे शेजारी घेतले आणि गुडघ्यावर बसून एकेक नोंद लावून पाहिली. बाकीच्या बायका स्क्रीनवरून वाकून बघत होत्या. अर्ध्या तासात ती उठली.

"माझा भाऊ त्या घरात दोनदा राहतो," ती म्हणाली. "आई एकदाही राहत नाही."

सगळीकडे तेच होतं. जिथे सत्तेचाळीस अ यायला हवं, तिथे सत्तेचाळीसच पुन्हा आला होता. मग तिने स्क्रीनवर तिसऱ्या गल्लीतल्या फाइलींची नावं काढली. त्यात एक्याण्णव होता आणि त्याखाली, एक जागा सोडून ए घेऊन, एक्याण्णव ए होता. उघडून पाहिला तर आत सुंदराबाई शिवदास तायडे, वय बासष्ट, धंदा बिगारी. अक्षर न् अक्षर जागच्या जागी.

"आहे की गं," मी म्हटलं. "मग छापताना जाते कुठे?"

कमलची एक वही होती. चंद्रप्रकाश कधी लहर लागली तर आम्हाला एखादी कमांड दाखवायचा आणि आम्ही विसरायचो. कमल लिहून ठेवायची. त्या वहीच्या जोरावर तिने छापायचा प्रोग्रॅम उघडला. मला वाटलं होतं दोन-चारशे ओळी असतील. निघाल्या मोजून आठ. ह्या आठ ओळींनी आम्हाला तीन आठवडे नाचवलं होतं. राणेसाहेबांच्या कपाटावर धूळ खात पडलेला इंग्रजी मॅन्युअलचा ठोकळा तिने उतरवला. मी माझ्या भाचीची डिक्शनरी आणली. गुरुवारची जेवणाची सुट्टी आणि चहाच्या दोन सुट्ट्या आम्ही त्याच्यात घातल्या. माझ्या सहीचं काहीतरी फेडावं असं मला वाटत होतं, दुसरं काय.

समजलं ते असं. फाइंड नावाची कमांड गल्ल्यागल्ल्यांतून फिरते आणि सापडलेल्या सगळ्या फाइलींची नावं आणून देते. मग फॉर नावाची कमांड ती नावं एकेक करून उचलते आणि त्या त्या नावाची फाइल यादीत ओतते. इथपर्यंत ठीक. पण एक नाव संपून दुसरं सुरू कुठे होतं, हे फॉरला कसं कळतं? जिथे मोकळी जागा दिसेल तिथे तो नाव तोडतो. म्हणजे माझा चिकटलेला बावन्न ए त्याला एक माणूस दिसतो. कमलचा एक्याण्णव ए त्याला दोन दिसतात, एक एक्याण्णव आणि एक नुसता ए. एक्याण्णव नावाची फाइल आहेच, ती त्याने पुन्हा एकदा ओतली. नुसत्या ए नावाची फाइल जगात नाही. ती सोडून तो पुढे गेला. म्हणूनच आकडा बरोबर आला होता आणि पेढेही आले होते.

माझा आळस वाचला आणि तिची शिस्त बुडाली. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं हायसंही वाटलं.

"पण फाइल मिळाली नाही तर मशीन ओरडत नाही का?" मी म्हटलं. "इतर वेळी तर एवढं-तेवढं झालं तरी ओरडतं."

कमल शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. त्या ओळीच्या शेपटाला एक आकडा, एक बाणासारखी खूण आणि कुठलंसं नाव होतं. ते तिने मॅन्युअलमध्ये शोधलं, डिक्शनरीत शोधलं, पुन्हा मॅन्युअलमध्ये वाचलं. तिथे लिहिलं होतं की ही जागा म्हणजे बूड नसलेली कचऱ्याची टोपली. जे टाकाल ते गेलं. मशीनची प्रत्येक तक्रार तिकडे जात होती.

तिने प्रोग्रॅमची एक नक्कल केली, नकलेचं ते शेपूट छाटलं आणि चालवली. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. ए उघडता येत नाही. ए उघडता येत नाही. ए उघडता येत नाही. हिरव्या अक्षरांत इंग्रजीत, खालून वर, थांबेचना. सगळ्या बायका उठून आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"तक्रार केली होती त्याने," कमल म्हणाली. "एकशे एकतीस वेळा केली. ऐकायचीच नाही, असं आधीच लिहून ठेवलंय."

शुक्रवारी चंद्रप्रकाश आला. मुलुंडचा पोरगा, चोवीस-पंचविसाचा, स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत यायचा. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. कमलने त्याला खुर्ची दिली आणि नक्कल चालवून दाखवली. त्याची किल्ली फिरायची थांबली.

"फाइलच्या नावात स्पेस कोण देतं यार?" तो म्हणाला.

"दारावर आहे. फॉर्मवर आहे. तुमच्या एन्ट्रीच्या प्रोग्रॅमने घेतली, नको म्हणाला नाही."

"अहो पण नियम असतो ना. नावात जागा सोडायची नाही. मी आता सगळ्या जोडून टाकतो, पाच मिनिटांत विषय संपला."

"हे बरं आहे," कमल म्हणाली. "टेकडीवर येतात ते म्हणतात जागा सोडा. तुम्ही म्हणता जागा सोडू नका. मी दोन्हीकडे ऐकणार नाही."

बाकीच्या बायका एकदम हसल्या, तसा राणेसाहेब केबिनमधून बाहेर आला. चंद्रप्रकाशही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. जोडून टाकलं तर काय बिघडतं, असं त्याने पुन्हा विचारलं. ते चिडून नव्हे, त्याला खरंच कळत नव्हतं. कमलने त्याला शांतपणे सांगितलं की पुढच्या महिन्यात मुलुंडचे फॉर्म यायचेत. तिथेही पत्रे आहेत, तिथेही अ आहेत. तेव्हा ह्या खुर्चीत दुसरी कुणी बसलेली असेल, तिचा अंगठाही कुणीतरी शिकवलेला असेल, आणि कागद तिच्या की-बोर्डवर येईल. चूक जिथे आहे तिथे दुरुस्त करा. माझ्या बोटांत नाही ती.

मग तिने वही उघडून स्वतः लिहून आणलेल्या चार ओळी त्याला दाखवल्या. फॉर काढून टाकला होता. फाइंडने आणलेली नावं ओळीने येतात, एका ओळीत एक. तर शब्द उचलायचाच कशाला, अख्खी ओळ उचलायची. तसं करणारी रीड नावाची कमांड तिने मॅन्युअलमध्ये शोधली होती. ओळीत मध्ये जागा असो की नसो, ओळ संपेपर्यंत ते एकच नाव.

चंद्रप्रकाशने ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि किल्ली खिशात टाकली. "हे तुम्ही लिहिलंत?"

"चालवून बघा."

त्याने चालवलं, आणि पुन्हा तेच. ए उघडता येत नाही. राणेसाहेब मागून "झाला?" म्हणाला. कमल स्क्रीनकडे बघत राहिली, हात मांडीवर.

तो पोरगा त्या क्षणी हसला असता, तर मी त्याला आयुष्यभर माफ केलं नसतं. तो हसला नाही. खुर्ची पुढे ओढून त्याने तिच्या तिसऱ्या ओळीत, नावाच्या अलीकडे आणि पलीकडे, दुहेरी अवतरणचिन्हं टाकली. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. "नाव नीट उचललंत तुम्ही," तो हळूच म्हणाला, "पण पुढे देताना ते पुन्हा फुटतं. दोन्ही बाजूंनी धरून ठेवायला लागतं." आणि त्याने चालवलं.

मशीनने एकही तक्रार केली नाही. प्रिंटर सुरू झाला. त्याच्या खडखडाटात खालचं पत्र्याचं वर्कशॉपही ऐकू येईना. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद दुमडत दुमडत खोक्यात पडत होता आणि कमल उभी राहून बघत होती. तिसरी गल्ली आली. नव्वद. एक्याण्णव, भीमराज शिवदास तायडे. एक्याण्णव ए, सुंदराबाई शिवदास तायडे. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं नाही की काही नाही. फक्त शाल अंगावरून काढली आणि घडी करून खुर्चीवर ठेवली.

चौदाशे बारा. ह्या वेळी एकही दुबार नाही.

मला वाटलं संपलं. राणेसाहेबाने यादी बांधून घेतली, शिपायाबरोबर कचेरीत पाठवली आणि कमलला केबिनमध्ये बोलावलं. मलाही बोलावलं. टेबलावर नवा कागद होता. मजकूर तोच, फक्त 'निष्काळजीपणा' जाऊन 'नजरचूक' आलं होतं.

"कचेरीत मी आधीच सांगितलंय, ऑपरेटरची चूक झाली म्हणून," तो म्हणाला. "आता प्रोग्रॅमची चूक सांगितली, तर मुलुंडचं काम आपल्याला देतील काय? यादी झाली ना बरोबर? तुझ्या आवशीचा नाव इला ना? मग सही करूक काय जाता गो?"

"यादी बरोबर झाली, म्हणूनच नाही करणार," कमल म्हणाली.

"माका हौस आसा काय तुका काढूची? वरून विचारतत. कागद होयो त्यांका."

"मग खरं लिहा. मी सही करते. टायपिंग बरोबर होतं, छापायचा प्रोग्रॅम नाव तोडत होता. लिहा, लगेच करते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तूच हिला सांग, असं. मी साक्षीदाराच्या रेघेवर सही करणार नाही म्हणाले. माझी सगळी मर्दुमकी एवढीच, आणि तीही कमलने आधी नाही म्हटल्यावर. शिवाय मी कायम होते, मला तो काढू शकत नव्हता. पर्समधला पहिला कागद कमलने काढला, माझी सही असलेला भाग फाडून माझ्या हातात दिला आणि उरलेला साहेबांच्या टेबलावर ठेवला. मी तो तुकडा मुठीत धरून उभी राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्या नाही.

उद्यापासून येऊ नको, असं त्याने तिला सांगितलं. सांगताना खिडकीकडे बघत होता. कमल चपला घालून गेली. चंद्रप्रकाश जिन्यापर्यंत तिच्या मागे गेला आणि काहीतरी बोलला. काय, ते मला ठाऊक नाही, पण त्याने केबिनमध्ये जाऊन खरं सांगितलं नाही एवढं ठाऊक आहे.

रविवारी मी घाटकोपरला गेले. बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. टेकडी चढताना धाप लागली. वर खाणीच्या कडेला ताडपत्री ताणली होती. तिच्याखाली टेबल, टेबलावर आमची यादी. आमच्याच प्रिंटरची, आमच्याच कागदाची. कारकून नंबर वाचत होता. ज्याचा नंबर येईल त्या कुटुंबाने पुढे यायचं. एक माणूस पाटीवर खडूने घरनंबर लिहायचा, घरातल्या कर्त्याने ती छातीशी धरायची, आणि फोटोवाला फोटो काढायचा. सगळे ठेवणीतले कपडे घालून आले होते. लवकर आटपा, लवकर आटपा, असं कारकुनाचं चाललं होतं.

"एक्याण्णव," त्याने वाचलं. भीमराज, त्याची बायको, तीन मुलं. पाटी, फोटो.

"एक्याण्णव अ. सुंदराबाई शिवदास तायडे."

सुंदराबाई पुढे झाली. कडक निळं लुगडं, पायात काही नाही. फोटोवाला म्हणाला, आजी, मुलगा इथेच उभा आहे, त्याच्याच फोटोत या, एक फिल्म वाचेल.

"माही चूल येगळी हाय," सुंदराबाई म्हणाली. "माहा फोटो बी येगळाच काढा."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, पण मग एकेक करून आणखी बायका पुढे सरकून उभ्या राहिल्या. त्या सगळ्या 'अ' होत्या, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळलं. फोटोवाल्याने पाटी पुसली आणि नवा नंबर लिहून घेतला. कमल आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तेव्हा तिला मी दिसले. तिने मान हलवली, आलीस का, एवढंच.

फोटो झाला. कारकुनाने यादीवर पट्टी ठेवली आणि घरातली माणसं तपासायला घेतली. "मुलगी कमल, वय एकोणतीस. धंदा, कॉम्प्युटर ऑपरेटर." त्याने मान वर केली. "अजून तिथेच ना? नोकरी सुटली असेल तर आत्ताच सांगा. खोडून घरकाम लिहितो."

गल्लीला ठाऊक होतं. शनिवारी ती सकाळी घराबाहेर पडली नव्हती, एवढं टेकडीवर पुरतं. भावजय पदराआडून बघत होती. मी पायाखालच्या दगडांकडे बघायला लागले.

"खोडू नका," कमल म्हणाली. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "जे छापलंय ते बरोबर आहे. कॉम्प्युटर ऑपरेटर."

कारकुनाने बरोबरची खूण केली आणि पट्टी खाली सरकवली.

"ब्याण्णव," तो म्हणाला.